गोठ्यातील परदेशी पाहुणा

बीड जिल्ह्यातील धारूर हे गाव बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले आहे. गावालगत जुना किल्ला आहे आणि सभोवार खडकाळ माळ. येथील जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. दिवाळीच्या सुमारास या भागातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडणीसाठी दूर जातात. अशा वेळी मागे राहिलेल्या आजीआजोबांना व मुलांना दोनचार शेळ्यांचा मोठा आधार असतो. एखादे करडू विकले की औषधपाण्याची किंवा वह्यापुस्तकांची सोय होते. शेळीला गरिबाची गाय म्हणतात, ते उगाच नव्हे.

येथील शेळी प्रामुख्याने उस्मानाबादी जातीची. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यावरून तिला हे नाव पडले. रंगाने काळी व अंगाने काटक अशी ही शेळी बाभळीच्या शेंगा आणि बोरीचा पाला खाऊन तग धरते व पुष्कळदा एका वेतास दोन करडे देते.

अलीकडे काही पशुपालक या शेळ्यांच्या जोडीला बोअर जातीचा बोकड आणतात. ही जात मूळची दक्षिण आफ्रिकेतील. डच भाषेत ‘बोअर’ म्हणजे शेतकरी. पांढरे अंग, तांबूस तपकिरी डोके आणि लोंबते कान यांवरून हा बोकड चटकन ओळखू येतो. पूर्ण वाढलेल्या बोकडाचे वजन 100 किलोग्रॅमहून अधिक भरते. उस्मानाबादी बोकड त्याच्या निम्माही भरत नाही. सातारा जिल्ह्यात फलटण येथे 1968 साली स्थापन झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 1990 नंतरच्या दशकात ही जात आपल्याकडे आणली.

मुलांनो, असा देखणा पाहुणा दारी आला की त्याला लगेच कळपात सोडावे, असे तुम्हांला वाटेल. परंतु खरा धोका येथेच असतो. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या जनावराच्या अंगात रोग लपलेला असू शकतो. पी. पी. आर. नावाच्या विषाणुजन्य रोगात ताप येतो, नाकाडोळ्यांतून पाणी गळते, तोंडात व्रण पडतात आणि हगवण लागते. हा रोग पाहता पाहता सगळ्या कळपात पसरतो व घराचा आधारच नाहीसा होतो. म्हणून नव्या बोकडाला किमान तीन आठवडे वेगळ्या जागी बांधावे. त्याची बादली व गव्हाणही वेगळी असावी. आधी घरच्या शेळ्यांचे चारापाणी करावे, मग पाहुण्याकडे जावे आणि परतताना हातपाय स्वच्छ धुवावेत. या काळात पशुवैद्याकडून त्याची तपासणी करून घ्यावी. त्यांच्या सल्ल्याने जंताचे औषध व रोगप्रतिबंधक लसी द्याव्यात. आंत्रविषाराची लस तर पावसाळ्यापूर्वीच टोचावी लागते.

पाहुणा आला म्हणून त्याच्यापुढे धान्याची रास ओतणे हेही अहिताचे आहे. शेळीच्या पोटात असंख्य सूक्ष्म जीव असतात. तेच चारा पचवण्यास मदत करतात. त्यांना जुन्या खाद्याची सवय असते. एकाएकी पुष्कळ धान्य पोटात गेले, तर तेथे आम्ल वाढते आणि जनावर दगावतेही. यासाठी त्याचा पूर्वीचा थोडा चारा बरोबर आणावा आणि आठदहा दिवसांत हळूहळू नवा चारा वाढवीत जावा. निवारा कोरडा, हवेशीर व उंचवट्यावर असावा. ओल राहिली, की खुरांचे विकार बळावतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. थोराड बोकडाचे करडूही थोराड असते. म्हणून पूर्ण न वाढलेल्या पाठीशी त्याचा संकर करू नये. विताना तिच्या जिवावर बेतते.

परदेशी प्राणी आणण्यापूर्वी, तो येथे काय खाईल आणि त्याचे उत्पन्न कोण विकत घेईल, याचाही विचार हवा. मूळचा ऑस्ट्रेलियातील इमू पक्षी महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांनी मोठ्या आशेने पाळला होता. परंतु 2012 च्या सुमारास गिऱ्हाईक मिळेनासे झाले आणि पक्ष्यांना खाऊ घालणेही कठीण झाले. त्यात दोष पक्ष्याचा नव्हता.

पाहुण्याचे स्वागत केवळ हौसेने होत नाही; त्याला ज्ञानाची व धीराची जोड लागते. तीन आठवड्यांनी बोकडाचे दावे सुटेल आणि तो काळ्या शेळ्यांबरोबर माळावर जाईल. तोपर्यंत थांबणे, हाच त्याचा आणि घरच्या शेळ्यांचाही खरा सांभाळ होय.