यंत्राची चौकट आणि वाचकाचा विश्वास

चेन्नईतील तमिळ फलकासमोर भ्रमणध्वनीचा कॅमेरा धरला असता पडद्यावर ओळखलेली अक्षरे उजळतात किंवा त्यांभोवती चौकट उमटते. २०१७ मध्ये गूगलने ‘लेन्स’ जाहीर केल्यानंतर ही सोय सर्वपरिचित झाली. मात्र, ही दृश्य खूण यंत्राने कोठे पाहिले एवढेच सांगते. वाचन अचूक झाल्याची ती ग्वाही नव्हे.

तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर आहे. त, थ, द, ध यांनाही एकच. परिणामी ‘कांती’ आणि ‘गांधी’ तेथे सारखेच लिहिले जातात. तमिळभाषक संदर्भाने शब्द ओळखतो. यंत्राने एकच पर्याय निःशंकपणे दाखविल्यास तमिळ न जाणणाऱ्या मराठी वाचकास त्यातील संदेह कळत नाही. म्हणून संदिग्ध जागी चौकट तुटक रेषेची असावी व पर्यायी वाचनही दिसावे. संशय लपविणारी खूण मदत करण्याऐवजी दिशाभूल करते.