सांध्यांतले पहारेकरी

अंजनवेलच्या गोपाळगडावर तुम्ही गेला असाल, तर तेथून वासिष्ठीचे मुख कसे नजरेच्या टप्प्यात येते ते पाहिले असेल. तुळाजी आंग्रे यांनी १७४५ साली हा किल्ला सिद्दीकडून जिंकला. पहारेकऱ्याला दूरवरचे गलबत कोणाचे हे निशाणावरून व शिडांवरून ओळखावे लागे. जवळ जाऊन चौकशी करण्याइतकी सवड कोठली?

आपल्या पेशींपाशीही असे पहारेकरी असतात. ते म्हणजे ग्राही नावाचे प्रथिनांचे रेणू. ते जन्मतःच मिळालेले असतात. जिवाणूच्या आवरणातील एखादे द्रव्य, विषाणूचे आरएनए अशा ठरावीक खुणांवरून ते शत्रू ओळखतात आणि तत्काळ इशारा देतात. मग रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि ती जागा लाल होते, तापते, सुजते. म्हणजे सूज ही बरीचशी आपल्याच सैन्याची करणी! बार्शीला १९७३ साली चिकुनगुन्याची साथ आली, २००६ साली तर ती महाराष्ट्रात दूरवर पसरली. या रोगात ताप थोड्या दिवसांत उतरतो, पण कित्येकांचे घोटे व बोटांचे सांधे पुढे महिनोन् महिने दुखत राहतात.

येथे निदान शत्रू खरा होता. गाउट या विकारात तोही नसतो. बांगडा, तारली, मटण यांतील प्युरिन द्रव्यांपासून, तसेच आपल्याच जुन्या पेशींपासून, शरीरात युरिक आम्ल बनते. बहुतेक सस्तन प्राण्यांत ते पुढे मोडणारे विकर असते. माणसाने ते गमावले आहे. १०० मिलिलिटर रक्तात हे आम्ल सुमारे ७ मिलिग्रॅमच्या वर गेले, की त्याच्या क्षाराचे सुईसारखे स्फटिक बनू शकतात. पायाचा अंगठा शरीरापेक्षा थंड, म्हणून पुष्कळदा तेथेच. महाभक्षी पेशी हे स्फटिक गिळते, पण ते तिला पचत नाहीत. तेव्हा पेशीच्या आतला एनएलआरपी-३ हा ग्राही जागा होतो आणि इंटरल्यूकिन-१ हा इशारा सुटतो. स्फटिक आणि हा ग्राही यांचे नाते २००६ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी दाखवून दिले. रात्री निजलेल्या माणसाचा अंगठा पहाटे इतका ठणकतो की पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही, तो यामुळे.

यावरचे एक जुने औषध कॉल्चिसीन. पावसाळ्यात कोकणात कुंपणावर लालपिवळ्या फुलांची कळलावी चढते ना? तिच्या कंदातही हेच द्रव्य असते. कंद मात्र प्राणघातक विषारी, त्याला हात लावू नका. डॉक्टर अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळ्या मोजून देतात. कॉल्चिसीन पेशीतील सूक्ष्म नळ्या बनू देत नाही. त्यामुळे पांढऱ्या पेशींना धावणे आणि एनएलआरपी-३ला आपली जुळणी करणे, दोन्ही अवघड होते. युरिक आम्ल मात्र होते तेवढेच राहते. त्यासाठी वेगळे औषध घ्यावे लागते.