आपल्याच तळ्यातलं हळदी-कुंकू बदक

थंडीत विसापूरच्या तलावावर बाहेरगावचे फोटोग्राफर येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रोहित आलेत का?" रोहित नसतील तर मग पट्टकदंब, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक. म्हणजे हजारो मैलांवरून आलेले पाहुणे. माझा श्रीगोंद्यात फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचा मुहूर्त नसेल त्या सकाळी मी बहुधा तलावाच्या भिंतीवरच सापडतो, म्हणून ही मंडळी मला विचारतात. मी त्यांना आधी काठच्या गवताकडे वळवतो. तिथं काळपट तपकिरी रंगाची एक जोडी शेपट्या वर करून, डोकी पाण्यात खुपसून चरत असते. हे बदक पाहुणं नाही. बारा महिने इथंच राहतं, इथंच अंडी घालतं, इथंच पिल्लं वाढवतं. ते हळदी-कुंकू बदक.

लांबून पाहिलं तर ते काळं, साधं, लक्ष न जावं असं दिसतं. जवळून पाहा. चोच काळी, तिचं टोक पिवळंधमक आणि बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक लाल ठिपका. डोळ्यावरून जाणारी गडद रेघ. अंगावरचं प्रत्येक पीस मधे काळपट आणि कडेला फिकट, त्यामुळे छातीपासून पोटापर्यंत खवलेदार नक्षी उमटलेली. पंख मिटून बसलं की पाठीच्या मागच्या अंगाला पांढरा पट्टा दिसतो. दुर्बीण नसली तरी एवढ्या खुणेवर ते ओळखता येतं. पाय नारिंगी-लाल. लांबी साधारण साठ सेंटिमीटर. नर आणि मादी जवळपास सारखेच, फक्त मादीचा लाल ठिपका लहान आणि फिका असतो.

आणि ते पंख ताणतं तेव्हा काळपट अंगातून झळाळता हिरवा पट्टा बाहेर येतो. हा हिरवा रंग पिसांतल्या रंगद्रव्याचा नाही. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून तो तयार होतो, म्हणून उन्हाचा कोन बदलला की तो कधी निळसर दिसतो, कधी पार काळा.

आपला जिल्हा दुष्काळी म्हणून ओळखला जातो, पण पाणपक्ष्यांच्या दृष्टीनं तो मोठा श्रीमंत आहे. हंगा नदीवरचा ब्रिटिश काळातला विसापूर तलाव, राहुरीजवळचं मुळा धरण, कर्जतच्या कडेला आलेला उजनीचा फुगवटा आणि नेवासा-शेवगावच्या अंगाला पसरलेला नाथसागर. जायकवाडी धरण १९७६ साली पुरं झालं आणि त्याचा जलाशय १९८६ साली पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. याशिवाय गावोगावचे पाझर तलाव आहेतच. हळदी-कुंकू बदकाला खोल पाणी लागत नाही. त्याला हवा असतो गुडघाभर पाण्याचा, चिखलाचा, लव्हाळ्याचा काठ. ते बुडी मारून मासे धरणारं बदक नाही. पाणवनस्पती, बिया, किडे, गोगलगायी हा त्याचा आहार.

पावसाळ्यात आणि त्यानंतर मादी पाण्याजवळच्या दाट गवतात जमिनीवरच घरटं करते आणि स्वतःच्या अंगाची मऊ पिसं काढून त्यात अंथरते. आठ-दहा, कधी त्याहून जास्त अंडी असतात आणि ती साडेतीन आठवडे उबवावी लागतात. अंड्यातून निघालेली पिल्लं एका दिवसात आईमागं पाण्यात उतरतात. विणीनंतर मोठ्या बदकांच्या पंखांतली उडायची पिसं एकदमच झडतात आणि नवी येईपर्यंत काही आठवडे त्यांना उडता येत नाही. काठचं गवत नसेल तर त्या दिवसांत त्यांना लपायला जागाच उरत नाही.

आमच्या घरात या बदकाची पहिली ओळख झाली ती बंदुकीमुळं. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, साठच्या दशकात परवाना घेऊन शिकार करायचे. बाराबोअर बंदूक, कमरेला काडतुसांचा पट्टा आणि पहाटे तळ्याची वाट. त्यांचे नियम कडक होते. बसलेल्या पाखरावर बंदूक उचलायची नाही. पिल्लांसोबत मादी दिसली तर परत फिरायचं. जखमी बदक लव्हाळ्यात गेलं, तर ते सापडेपर्यंत दुसरा बार काढायचा नाही. "जे मारलं ते शोधलंच पाहिजे," असं ते बजावून सांगत. वाऱ्याची दिशा, बदकं कोणत्या वेळी शेतात उतरतात, कोणत्या तळ्यातून कोणत्या तळ्यात जातात, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकलो. ते ज्ञान आज माझ्या कॅमेऱ्याच्या कामी येतं.

भारतातल्या पक्षिविद्येचंही तसंच झालं आहे. ॲलन ह्यूम आणि मार्शल यांनी १८७९ ते १८८१ या काळात शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंड काढले. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू करणाऱ्यांतही शिकारीचे शौकीन होते. खुद्द सालिम अलींना पक्ष्यांची ओढ लागली ती लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या एका चिमणीमुळं. हा इतिहास नाकारायचं कारण नाही. पण तो काळ संपला आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बदकासारख्या लहान शिकारीसाठी परवाना मिळण्याची सोय होती, १९९१च्या दुरुस्तीनं तीही काढून टाकली. आज जंगली बदक मारणं, फासे किंवा जाळी लावून पकडणं, त्याची अंडी उचलणं हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

अमेरिकेत आजही परवान्यानं बदकांची शिकार चालते. १९३४पासून तिथल्या शिकाऱ्याला दरवर्षी एक सरकारी तिकीट विकत घ्यावं लागतं आणि त्या पैशातून पाणथळ जागा घेऊन राखल्या जातात. शिशाचे छर्रे चिखलात साठतात आणि ते गिळून बदकं विषबाधेनं मरतात, हे सिद्ध झाल्यावर १९९१ साली तिथं पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशावर देशभर बंदी आली. तशी शिस्त, तशी मोजदाद आणि तेवढी पाणथळ जमीन आपल्याकडं नाही. आपल्यासाठी संपूर्ण बंदी हाच योग्य मार्ग आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता कॅमेऱ्याकडं वळतो. गडद पाखरू आणि मागं चकाकतं पाणी, असा हा विषय आहे. कॅमेरा पाण्याचा उजेड मोजतो आणि बदक नुसतं काळं करून टाकतो. म्हणून एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवावं, ऊन पाठीशी घ्यावं आणि सूर्योदयानंतरचा पहिला तास गाठावा. पिसांची नक्षी आणि चोचीचे तिन्ही रंग तेव्हाच उठून दिसतात. उभं राहून काढलेल्या फोटोत बदक पाण्यात चिकटवल्यासारखं येतं, तेव्हा काठावर पालथं पडून पाण्याच्या पातळीवरून काढावा. उडतानाचा फोटो हवा असेल, तर शटर एक हजार सहाशेच्या वर ठेवा. हे बदक पाण्यावर धावत सुटत नाही, जागेवरून थेट वर उसळतं.

पण ते उडवण्यासाठी दगड मारू नये, मोटारसायकल काठापर्यंत नेऊ नये. चरणाऱ्या बदकांच्या माना एकदम सरळ ताठ झाल्या, की तिथंच थांबायचं. ती त्यांची इशाऱ्याची खूण आहे. आणि घरट्याचा फोटो काढायचाच नाही. तुमच्या पायवाटेवरून कुत्री आणि मुंगसं घरट्यापर्यंत पोचतात.

एक गोष्ट मात्र आपल्याकडं फारशी बोलली जात नाही, ती म्हणजे संकर. अमेरिकन ब्लॅक डक, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचं पॅसिफिक ब्लॅक डक आणि आपलं हळदी-कुंकू बदक ही एकाच कुळातली, गडद रंगाची भावंडं. त्यांचाच नातलग म्हणजे हिरव्या डोक्याचं मॅलार्ड. यांच्यात संकर सहज होतो, आणि होणारी पिल्लं वांझ नसतात, म्हणून मिसळण पिढ्यान् पिढ्या पुढं चालत राहते. न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात हौसेनं मॅलार्ड आणून सोडली. आज तिथं शुद्ध देशी बदक सापडणं अवघड झालं आहे.

जंगली मॅलार्ड हिवाळ्यात उत्तर भारतात येतं, आपल्या भागात क्वचितच. मग आपल्याला काय त्याचं? आपली पाळीव बदकं मस्कोव्ही सोडली तर मॅलार्डचीच वंशज आहेत. हौसेनं आणलेली बदकं नकोशी झाली की लोक ती तळ्यात नेऊन सोडतात. त्यात पाळीव पाखरांचे रोग जंगली पाखरांना लागण्याचीही भीती असते. म्हणून काठावरची बदकं निरखून पाहा. चोचीचं पिवळं टोक स्पष्ट नसून रंग हिरवट-पिवळा फिसकटलेला, डोक्यावर हिरवी झाक, शेपटीवर वर वळलेली कुरळी पिसं, पंखाचा पट्टा निळाजांभळा, छातीवर पांढरे डाग, यांतलं काही दिसलं तर संकराची शंका घ्यावी. अशा पाखराचे फोटो चोच, शेपटी आणि उघडा पंख दिसेल असे काढावेत आणि तारीख-ठिकाणासह जाणकारांना दाखवावेत. अशा वेळी साध्या फोटोलाही अभ्यासाच्या दृष्टीनं किंमत येते.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. गावचा पाझर तलाव साफ करताना काठचं सगळं गवत आणि लव्हाळं खरवडून काढू नका, एक बाजू तरी तशीच राहू द्या. पाणी ओसरल्यावर गाळपेर करताना घरटं दिसलं तर तेवढा तुकडा पिल्लं निघेपर्यंत सोडा. पाळलेलं बदक तळ्यात सोडू नका. जाळी किंवा फासे दिसले तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आणि येत्या थंडीत रोहित पाहायला जाल, तेव्हा पाच मिनिटं काढून आपल्या हळदी-कुंकू बदकाकडंही पाहा.