राष्ट्रध्वजाचे रंग : उगम आणि अर्थ

स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताक दिन आणि महाराष्ट्र दिन या तिन्ही प्रसंगी राज्यातील गावोगावच्या शाळांच्या प्रांगणात आणि ग्रामपंचायतींच्या कार्यालयांसमोर राष्ट्रध्वज फडकतो. झेंडावंदन होते, राष्ट्रगीत होते, भाषणे होतात. अशा वेळी एखादा चौकस विद्यार्थी गुरुजींना विचारतो की, ध्वजात हेच तीन रंग का? या प्रश्नाला सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे मिळतात. केशरी हा त्यागाचा, पांढरा शांतीचा आणि हिरवा समृद्धीचा रंग, हे पहिले उत्तर. केशरी हा एका धर्माचा, हिरवा दुसऱ्या धर्माचा आणि पांढरा उरलेल्या सर्वांचा, हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. त्यांपैकी कोणते ग्राह्य मानावे, हे समजण्यासाठी ध्वजाचा इतिहास पाहणे आवश्यक आहे. हा इतिहास जेमतेम चार दशकांचा आहे. पण या अवधीत ध्वजाचे रंग, त्यांचा क्रम आणि त्यांचा अर्थ या तिन्ही गोष्टी बदलल्या, आणि हा बदल विचारपूर्वक करण्यात आला.

ठराव काय सांगतो?

संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी राष्ट्रध्वजाचा ठराव संमत केला. पंडित जवाहरलाल नेहरू यांनी तो मांडला आणि सदस्यांनी उभे राहून त्यास संमती दिली. त्यापूर्वी जून १९४७ मध्ये डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली होती. मौलाना अबुल कलाम आझाद, सरोजिनी नायडू, चक्रवर्ती राजगोपालाचारी, कन्हैयालाल मुन्शी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे तिचे सदस्य होते. काँग्रेसचा ध्वज योग्य त्या फेरबदलांसह राष्ट्रध्वज म्हणून स्वीकारावा, असा या समितीचा अभिप्राय पडला.

मूळ ठराव अतिशय आटोपशीर आहे. गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा या रंगांचे समान रुंदीचे तीन आडवे पट्टे. पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी चरख्याचे प्रतीक म्हणून गडद निळ्या रंगाचे चक्र. चक्राची आकृती सारनाथ येथील अशोकाच्या सिंहशीर्षावरील चक्राप्रमाणे. चक्राचा व्यास जवळजवळ पांढऱ्या पट्ट्याच्या रुंदीइतका, आणि ध्वजाच्या रुंदीचे लांबीशी प्रमाण सर्वसाधारणपणे २:३. एवढाच त्यातील तपशील. कोणत्या रंगाचा अर्थ काय, याविषयी ठरावात एक अक्षरही नाही. तेथे अर्थ सांगितला आहे तो फक्त चक्राचा, आणि तोही चरख्याच्या संदर्भात. रंगांचे जे अर्थ आज पाठ्यपुस्तकांतून शिकविले जातात, ते राष्ट्रीय चळवळीतील ठरावांतून आणि संविधान सभेतील भाषणांतून आलेले आहेत. ते कसे आले, हेच येथे पाहावयाचे आहे.

आरंभीचे ध्वज

वंगभंगाच्या चळवळीत ७ ऑगस्ट १९०६ रोजी कलकत्त्याच्या पारसी बागान चौकात हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या पट्ट्यांचा एक ध्वज फडकविण्यात आला. पुढील वर्षी, म्हणजे ऑगस्ट १९०७ मध्ये, जर्मनीतील स्टुटगार्ट येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मादाम भिकाजी कामा यांनी हिंदुस्थानचा ध्वज जगापुढे उभारला. त्यावर 'वन्दे मातरम्' ही अक्षरे देवनागरीत होती. हा ध्वज पुढे इंदुलाल याज्ञिक यांनी भारतात आणला आणि तो पुण्याच्या केसरीवाड्यात जतन करण्यात आला. राष्ट्रध्वजाच्या इतिहासातील हा मोलाचा अवशेष महाराष्ट्रात आहे, ही गोष्ट शाळांच्या सहलींच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१९१७ च्या सुमारास लोकमान्य टिळक आणि डॉ. ॲनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीने पाच तांबड्या आणि चार हिरव्या पट्ट्यांचा ध्वज वापरला. त्यावर सप्तर्षींच्या आकृतीत सात तारे होते आणि एका कोपऱ्यात ब्रिटिशांचे निशाणही होते. साम्राज्यांतर्गत स्वराज्य हीच त्या वेळची मागणी असल्याने ध्वजावरही तिचे प्रतिबिंब पडले होते. या सर्व ध्वजांना देशव्यापी मान्यता मिळाली नाही. रंगांविषयी एकमत होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली.

बेझवाड्याचा आराखडा

१९२१ मध्ये बेझवाडा, म्हणजे आजचे विजयवाडा, येथे अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक झाली. त्या वेळी आंध्रातील पिंगली वेंकय्या यांनी तयार केलेला तांबड्या व हिरव्या रंगांचा आराखडा महात्मा गांधींपुढे आला. ध्वजावर चरखा असावा, ही सूचना जालंदरचे लाला हंसराज यांची होती. इतर धर्मीयांचा समावेश व्हावा म्हणून गांधीजींनी त्यात पांढऱ्या रंगाची भर घातली. तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा अन्य सर्वांचा, असे त्या वेळचे स्पष्टीकरण होते. सर्वांत वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा आणि तिन्ही पट्ट्यांवर चरखा असा हा ध्वज दिसे. काँग्रेसने तो रीतसर ठराव करून स्वीकारला नव्हता, तरीही सभा-मिरवणुकींतून तो देशभर पोहोचला.

ध्वजाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती त्याच्यासाठी सोसलेल्या हालअपेष्टांमुळे. १९२३ मध्ये नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात ध्वज घेऊन मिरवणूक नेण्यास सरकारने मनाई केली. तेव्हा जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली १ मे पासून झेंडा सत्याग्रह सुरू झाला. त्यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली. निरनिराळ्या प्रांतांतून आलेले हजाराहून अधिक स्वयंसेवक तुरुंगात गेले. त्यांत विनोबा भावे हेही होते. ऑगस्टमध्ये मिरवणूक त्या मार्गाने गेली आणि सत्याग्रहाची सांगता झाली. एका कापडाच्या तुकड्यासाठी माणसे शिक्षा का पत्करतात, या प्रश्नाचे उत्तर नागपूरने सर्व देशाला दिले.

१९३१ चा निर्णय

रंग हे धर्मांचे प्रतिनिधी मानले, की एक अडचण अपरिहार्यपणे उभी राहते. ज्या समाजाचा रंग ध्वजात नाही, तो समाज आपला रंग मागणार. तसेच घडले. आपलाही रंग ध्वजात असावा, अशी मागणी शीख समाजाने केली. ही मागणी गैर म्हणता येत नव्हती, कारण रंगवाटपाचे तत्त्व एकदा मान्य केल्यावर ती त्यातूनच निघत होती. मात्र ती मान्य केली असती, तर आणखी समाज पुढे आले असते आणि ध्वजाचे रूप समाजांच्या यादीसारखे झाले असते.

या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी काँग्रेस कार्यकारिणीने एप्रिल १९३१ मध्ये सात जणांची समिती नेमली. सरदार पटेल, पंडित नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, काका कालेलकर, डॉ. ना. सु. हर्डीकर आणि डॉ. पट्टाभि सीतारामय्या हे ते सात सदस्य. संपूर्ण ध्वज एकाच केशरी रंगाचा असावा आणि त्यावर चरखा असावा, अशी शिफारस या समितीने केली. केशरी हा रंग या देशाच्या दीर्घ परंपरेशी निगडित असून तो इतर राष्ट्रांच्या ध्वजांहून वेगळा उठून दिसतो, असे तिचे म्हणणे होते. या दुसऱ्या मुद्द्यातही तथ्य होते. पांढरा, हिरवा आणि तांबडा हा जुन्या ध्वजातील क्रम बल्गेरियाच्या ध्वजाशी तंतोतंत जुळत होता.

ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने ही एकरंगी शिफारस स्वीकारली नाही. लोकांच्या मनात रुजलेला तिरंगा तिने कायम ठेवला. परंतु समितीच्या विचारातील सार उचलले. तांबड्याच्या जागी केशरी रंग आला, केशरी पट्टा सर्वांत वर गेला आणि चरखा पांढऱ्या पट्ट्यावर आला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या रंगांना कोणताही जातीय अर्थ नाही, असे ठरावातच स्पष्ट करण्यात आले. केशरी हा धैर्य आणि त्याग यांचा, पांढरा शांती आणि सत्य यांचा, हिरवा श्रद्धा आणि शौर्य यांचा, तर चरखा हे जनतेच्या आशेचे चिन्ह, असे नवे अर्थ ठरले. म्हणजे रंगांचा धर्मवाचक अर्थ १९३१ मध्येच, मुंबईच्या भूमीवर, जाणीवपूर्वक बाजूस सारण्यात आला. आजही तो सांगणारे लोक १९२१ चे स्पष्टीकरण सांगत असतात; १९३१ चा निर्णय त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नसतो.

याच ध्वजासाठी ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार येथे मिरवणुकीवर झालेल्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा धारातीर्थी पडला. तसेच १५ ऑगस्ट १९५५ रोजी तिरंगा घेऊन गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज सत्तेने गोळ्या झाडल्या.

चरख्याऐवजी चक्र

संविधान सभेत ठराव मांडताना पंडित नेहरूंनी रंगांना जातीय अर्थ नसल्याचा पुनरुच्चार केला आणि चरख्यात केलेल्या फेरबदलाचे कारण सांगितले. चरख्याला एका बाजूस चाक आणि दुसऱ्या बाजूस चाती असते. त्यामुळे ध्वजाच्या एका बाजूने तो सुलट दिसला, तरी दुसऱ्या बाजूने उलट दिसतो. ध्वज दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा, यासाठी चरख्यातील चाक तेवढे ठेवण्यात आले. कोणते चाक घ्यावे, याचा विचार करताना सम्राट अशोकाच्या धर्मचक्राची निवड झाली. ज्या सिंहशीर्षावर हे चक्र कोरलेले आहे, ते इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील असून सारनाथ येथील १९०४-०५ च्या उत्खननात सापडले. चक्राचे २४ आरे म्हणजे दिवसाचे २४ तास, असे सांगण्याचा प्रघात आहे. पण मूळ ठरावात आऱ्यांची संख्याही नाही आणि हा अर्थही नाही. आऱ्यांची संख्या सारनाथच्या शिल्पावरून आलेली आहे.

याच चर्चेत डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी रंगांचे जे विवरण केले, तेच पुढे सर्वमान्य झाले. त्यांच्या मते, भगवा वा केशरी रंग अनासक्तीचा द्योतक आहे. नेत्यांनी ऐहिक लाभाची अपेक्षा न ठेवता स्वतःस कार्यास वाहून घ्यावे, हा त्याचा बोध. पांढरा रंग म्हणजे प्रकाश, आचरणाला मार्ग दाखविणारे सत्य. हिरवा रंग म्हणजे मातीशी आणि ज्यावर सर्वांचे जीवन अवलंबून आहे त्या वनस्पतिसृष्टीशी असलेले नाते. चक्र हे धर्माचे, म्हणजे न्यायनियमांचे, आणि गतीचे चिन्ह. थांबणे म्हणजे मृत्यू, चालत राहणे म्हणजे जीवन. वारकऱ्यांची पताका आणि मराठ्यांचे निशाण यांमुळे ज्या महाराष्ट्राला भगव्याची ओळख पूर्वापार आहे, त्याला त्याग आणि अनासक्ती हा अर्थ मुद्दाम समजावून सांगण्याची गरज नाही. हिरव्याचा अर्थ तर शेतकऱ्याच्या दररोजच्या अनुभवातला आहे.

रंगाचे मानक आणि कापड

रंगांचा अर्थ ठरला, तरी प्रत्यक्ष छटा कोणती हा प्रश्न उरतो. रंगाऱ्यागणिक केशरी रंग बदलू नये, म्हणून भारतीय मानक संस्थेने १९५१ मध्ये राष्ट्रध्वजाचे मानक ठरविले. पुढे १९६८ मध्ये ते सुधारण्यात आले. या मानकाचा क्रमांक १ आहे. रंगांच्या छटा, त्यांचा पक्केपणा, सूत, विणकर आणि शिवण या सर्वांची कसोटी त्यात दिलेली आहे. ध्वजाचे नऊ प्रमाणित आकार असून सर्वांत मोठा ६,३०० × ४,२०० मिलिमीटर, तर सर्वांत लहान १५० × १०० मिलिमीटर आहे. ९०० × ६०० मिलिमीटरच्या ध्वजात प्रत्येक पट्टा २०० मिलिमीटर रुंद आणि चक्राचा व्यास १८५ मिलिमीटर असतो. कर्नाटकातील हुबळीप्रमाणेच महाराष्ट्रात नांदेड येथेही खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत झालेल्या दुरुस्तीनुसार हातमागाबरोबरच यंत्रावर तयार केलेले आणि पॉलिएस्टरचे ध्वजही चालतात.

ध्वज लावताना

२६ जानेवारी २००२ पासून अमलात आलेल्या भारतीय ध्वजसंहितेतील काही नियम शाळा व पंचायतींनी विशेष लक्षात ठेवावेत. ध्वज आडवा लावला असता केशरी पट्टा वर असावा. भिंतीवर उभा लावल्यास समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हातास केशरी पट्टा यावा. चूक बहुधा येथेच होते. फाटलेला किंवा रंग उडालेला ध्वज लावू नये. ध्वजावर कोणताही मजकूर लिहू नये. ध्वज फडकण्यापूर्वी त्यात फुलांच्या पाकळ्या ठेवण्यास हरकत नाही. समारंभात मुलांच्या हाती दिलेले कागदी ध्वज नंतर जमिनीवर पडलेले नसावेत. ते गोळा करण्याची जबाबदारी आधीच कोणावर तरी सोपवावी. जीर्ण ध्वजाची विल्हेवाट खाजगी रीतीने, शक्यतो जाळून आणि त्याचा मान राखून करावी. सरकारी इमारतींवर ध्वज सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत असतो. नागरिकांना मात्र जुलै २०२२ च्या दुरुस्तीनुसार आपल्या घरी तो रात्रीही ठेवता येतो. १९७१ च्या अधिनियमान्वये राष्ट्रध्वजाचा अवमान हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा अपराध आहे, तर ध्वजाचा आदर राखणे हे संविधानाच्या अनुच्छेद ५१-क नुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे.

नियमांचे पालन आवश्यक आहेच. परंतु विद्यार्थ्याच्या प्रश्नाला योग्य उत्तर देणे तितकेच महत्त्वाचे आहे. ध्वजातील कोणताही रंग कोणा एका समाजाचा नाही आणि म्हणूनच कोणताही रंग कोणाला परका नाही. तिन्ही रंग प्रत्येकाचे आहेत, हा निर्णय राष्ट्राने १९३१ मध्ये मुंबईत आणि १९४७ मध्ये दिल्लीत, असा दोन वेळा घेतला. झेंडावंदनाच्या दिवशी शिक्षकांनी आणि सरपंचांनी चार वाक्यांत एवढे जरी सांगितले, तरी ज्या हेतूने हे रंग निवडले गेले तो हेतू पुढच्या पिढीपर्यंत पोहोचेल.