तीन हजार वर्षांवर फिरलेली कात्री

रविवारची वंदना आटोपली की तिसगावच्या विहारात आम्ही तास-दीड तास बसतो. कोणाचे जात पडताळणीचे अडलेले असते, कोणाचा सातबाऱ्याचा वाद असतो. वकील घरचाच असल्याने फी लागत नाही! मागच्या एका रविवारी वस्तीतल्या एका मुलीने वही पुढे केली. कॉलेजला जाणारी पोरगी. पानाच्या डाव्या बाजूला भारतातले नवे आणि येऊ घातलेले सिनेमे, उजव्या बाजूला कोरियाचे. म्हणाली, "काका, यातला आपला सिनेमा कोणता?"

आमचे एक जुने कार्यकर्ते, नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेले, लगेच उसळले. "इथं रोज एक अत्याचार होतोय आणि तुम्हाला कोरियाचे पिक्चर सुचतात? कोरियाशी आपलं काय घेणं-देणं?"

प्रश्न दोघांचाही खरा आहे. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

माझ्या पिढीने सिनेमा पाहिला तो मढीच्या यात्रेत. कानिफनाथाची मढी तिसगावपासून हाकेच्या अंतरावर. होळीपासून पाडव्यापर्यंत यात्रा, गाढवांचा बाजार, आणि कैकाडी, वैदू, गोपाळ अशा भटक्या जमातींच्या जातपंचायती. तिथे तंबू लागायचा. पडदा मधोमध असल्याने दोन्हीकडून दिसायचा. मागच्या बाजूने पाहिला की अक्षरे उलटी दिसायची आणि हिरो डावखुरा वाटायचा. आम्ही बसायचो ते बहुधा मागेच. त्या पडद्यावर आमच्या वस्तीसारखी वस्ती कधी दिसली नाही. दिसली तर गुंडांचा अड्डा म्हणून, नाहीतर हिरोच्या दयेला पात्र ठरलेल्या गरिबांची म्हणून.

जब्या कैकाडी पडद्यावर आला तो १४ फेब्रुवारी २०१४ रोजी. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री'. मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, सिनेमाचे शिक्षण घेतले ते नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात. 'फँड्री' म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. डुक्कर पकडताना राष्ट्रगीत सुरू होते आणि सगळे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते, डुक्कर मात्र निघून जाते. हा प्रसंग पाहताना नगरच्या थिएटरात पुढच्या रांगेतली मुले हसत होती. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो, तेव्हा ती गप्प झाली.

त्यानंतर बरोबर ७३ दिवसांनी, २८ एप्रिल २०१४ ला, आपल्याच जिल्ह्यात जामखेड तालुक्यातील खर्डा येथे नितीन आगे या शाळकरी मुलाचा खून झाला. कारण काय, तर वरच्या जातीच्या मुलीशी बोलल्याचा संशय. सिनेमातला जब्या आणि खर्ड्याचा नितीन यांच्यात पडद्याचे कापड तेवढे होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयातून सर्व आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. ज्या गावात साक्षीदाराला राहायचे, दळण आणायचे, मजुरी करायची, त्याच गावाविरुद्ध त्याने पिंजऱ्यात उभे राहून बोलावे, ही कायद्याची अपेक्षा. त्याला संरक्षण मात्र कोणी देत नाही. आमच्या पेशातल्या माणसाला हे सांगताना मान खाली घालावी लागते.

'सिनेमाने काय होते?' असे विचारणाऱ्यांना म्हणूनच मी सांगतो की, सिनेमाने खून थांबत नाहीत हे मला माहीत आहे. पण गाव जे कोर्टात सांगत नाही, ते पडद्यावर सांगितले गेले होते. तेवढी एक साक्ष फितूर झालेली नाही.

आता कोरियाकडे येतो. आमच्या कार्यकर्त्यांना वाटते की कोरिया म्हणजे गोरी-गोमटी मुले, नाच-गाणी आणि मोबाईल. पण बांधवांनो, कोरियातही अस्पृश्य होते! त्यांना 'बेकजोंग' म्हणत. जनावरे कापणे, कातडे कमावणे आणि टोपल्या विणणे ही त्यांची कामे. (टोपल्या विणणे! मढीच्या यात्रेतले कैकाडी आठवा.) त्यांची वस्ती गावाबाहेर. रेशीम घालायचे नाही, घरावर कौले चढवायची नाहीत, दुसऱ्यांच्या लहान पोरांशीसुद्धा अदबीने बोलायचे. १८९४ च्या सुधारणांत कायद्याने हा भेद संपला, पण कागदावर. त्यांच्या मुलांना शाळेत घ्यायला नकार मिळतच राहिला. म्हणून १९२३ मध्ये जिंजू या शहरात त्यांनी आपली संघटना काढली, 'ह्योंगप्योंगसा'. नावातच तराजूच्या समतोलाचा अर्थ आहे. मांस तोलणाऱ्या माणसांनी माणूस समान तोला म्हणून मागणी केली. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, इकडे मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल, आणि मागणी एकच, शाळा आणि माणुसकी.

तिथल्या सिनेमाने हे लपवले नाही. २०१४ साली, म्हणजे 'फँड्री'च्याच वर्षी, तिकडे 'कुंदो' नावाचा मारधाडीचा व्यावसायिक चित्रपट आला. त्याचा नायक खाटीक, बेकजोंग. जुलमी सरदाराविरुद्ध हातात दोन सुरे घेऊन उभा राहतो आणि ही भूमिका तिथल्या आघाडीच्या नटाने, हा जंग-वू याने, केली आहे. आपल्याकडे आघाडीच्या हिंदी नटाने पडद्यावर आपली जात महार किंवा मांग सांगून तलवार उपसली, असा एक सिनेमा मला दाखवा! २०२४ चा 'अपरायजिंग' तर वस्तीतल्या प्रत्येक स्पर्धा परीक्षावाल्याने पाहावा. त्यातला गुलाम मालकाच्या मुलाच्या जागी सैनिकी परीक्षेला बसतो, त्याला पास करून देतो. बदल्यात कबूल केलेली मुक्ती त्याला मिळत नाही. गुण गुलामाचे आणि पद मालकाचे. 'मेरिट मेरिट' म्हणून छाती पिटणाऱ्यांनीही तो पाहावा.

आणि 'पॅरासाइट'. बोंग जून-हो यांच्या या चित्रपटाला २०१९ मध्ये कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि २०२० मध्ये चार ऑस्कर. इंग्रजी नसलेल्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळण्याची ती पहिलीच वेळ. आपल्या इंग्रजी पेपरांनी त्याला 'श्रीमंत-गरीब दरी' म्हणून गौरवले. मला त्यात दिसला तो वास. अर्ध्या तळघरात राहणारे कुटुंब चांगले कपडे घालते, चांगले बोलते, सगळे शिकून घेते, पण मालकाला त्यांच्या अंगाचा वास येतो आणि तो नाक मुरडतो. शेवटी सुरा चालतो तो त्या मुरडलेल्या नाकामुळे. हे वर्गाचे आहे असे कोणी म्हणो, आमच्या माणसाला ते कोणी समजावून सांगावे लागत नाही. शिक्षण घेतले, कोट घातला, तरी नाक मुरडले जाते हे आम्ही कोर्टाच्या बाररूममध्येही पाहतो.

आता आपल्याकडचे पान उघडू. १९५४ साली आचार्य अत्रे यांनी 'महात्मा फुले' काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. त्यानंतर ७१ वर्षांनी, २०२५ मध्ये, अनंत महादेवन यांचा हिंदी 'फुले' आला. तो ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीदिनी लागणार होता. ट्रेलर पाहून काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला आणि चित्रपट २५ एप्रिलवर गेला. सेन्सॉर बोर्डाने 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढायला लावले. महार-मांगांच्या मुलांना शाळेत घेणाऱ्या माणसाचा सिनेमा, आणि त्यात महार-मांग म्हणायचे नाही! मग सावित्रीमाई शिकवत कोणाला होत्या, आणि शेण फेकणारे कशासाठी फेकत होते?

पण माझे लक्ष वेधले ते एका आकड्याने. 'फुले'मध्ये गुलामीची तीन हजार वर्षे सांगणारे वाक्य होते, ते 'कित्येक वर्षे' असे झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शाझिया इक्बाल यांचा 'धडक २' आला. मारी सेल्वराज यांच्या २०१८ च्या 'परियेरुम पेरुमल' या तमिळ चित्रपटाचे हे हिंदी रूप. नायक वस्तीतून लॉ कॉलेजात आलेला, त्यामुळे माझ्यासारख्याला तर तो आपलाच इतिहास. त्यातही तीन हजार वर्षांच्या थकबाकीचे वाक्य होते आणि तिथेही तो आकडा गेला. वेगळे निर्माते, वेगळी कथा, आणि कात्री फिरली ती त्याच तीन हजारांवर. थकबाकी चालेल, पण हिशेब मांडायचा नाही. सावकाराच्या वहीत आणि या प्रकारात मला काही फरक दिसत नाही.

निर्माता कोर्टात का जात नाही, असे वहीवाल्या मुलीने विचारलेच. पूर्वी बोर्डाविरुद्ध अपिलासाठी दिल्लीत एक न्यायाधिकरण होते. एप्रिल २०२१ मध्ये ते बंद केले. आता थेट उच्च न्यायालय. तिथे तारीख मिळेपर्यंत प्रदर्शनाची तारीख निघून जाते, थिएटरे दुसऱ्याला जातात आणि घेतलेल्या पैशाचे व्याज चालूच राहते. म्हणून निर्माता मुकाट्याने आकडा काढतो.

कायदा मात्र वेगळे सांगतो. 'एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम', सर्वोच्च न्यायालय, १९८९. आंदोलनाच्या, मोर्चाच्या, हिंसेच्या धमकीमुळे चित्रपट दाबता येणार नाही, कायदा-सुव्यवस्था सांभाळणे ही सरकारची जबाबदारी आहे, असे न्यायालयाने ठणकावून सांगितले. आता यातली गंमत बघा. तो तमिळ चित्रपट जातीवर आधारित आरक्षणावर टीका करणारा होता! म्हणजे आरक्षणाविरुद्ध बोलणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाचे संरक्षण मिळाले. ठीक आहे, मिळायलाच हवे होते. मग तेच संरक्षण जोतीरावांना का नाही?

इथे एक कबुलीही देतो. २०११ मध्ये 'आरक्षण' लागणार होता तेव्हा बंदीच्या निवेदनावर मीही सही केली होती. सिनेमा न पाहता. उत्तर प्रदेशने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने उठवली तेव्हा मला राग आला होता. आज ती सही मला बोचते. ज्या हाताने आपण दुसऱ्याच्या सिनेमावर बंदी मागतो, त्याच हाताने आपल्या सिनेमासाठी घटनेचा अनुच्छेद १९ दाखवता येत नाही. काही मित्रांना हे पटणार नाही, त्यांनी जरूर लिहावे.

तर त्या मुलीच्या वहीतला 'आपला' सिनेमा कोणता? माझे पहिले बोट नीरज घायवान यांच्या 'होमबाउंड'वर. २०२५ मध्ये कानला गेला, सप्टेंबरात इथे लागला, भारताकडून ऑस्करला पाठवला गेला. घायवान स्वतःला उघडपणे दलित म्हणवतात. 'मेड इन हेवन' मालिकेत बौद्ध पद्धतीचा विवाह दाखवणारे तेच. 'होमबाउंड'मध्ये एक दलित आणि एक मुसलमान मित्र, दोघेही पोलीस भरतीच्या मागे. दलित मुलगा फॉर्मवर आपला प्रवर्ग लिहायला कचरतो. पाथर्डीच्या अभ्यासिकेत बसणारी, पहाटे रस्त्यावर धावणारी आपली किती मुले त्या रकान्यापाशी थबकतात, हे मी जात पडताळणीच्या कामात पाहतो. लॉकडाऊनमध्ये ते दोघे सुरतहून गावाकडे निघतात. पुढचे सांगत नाही.

त्याच्या शेजारी कोरियाच्या पार्क चान-वूक यांचा 'नो अदर चॉइस' ठेवा, तोही २०२५ चाच. कागद कारखान्यातून काढलेला माणूस नोकरीसाठी आपल्याच लायकीच्या दुसऱ्या बेकारांना संपवायला निघतो. मालकाला तो हातही लावत नाही. एका जागेसाठी शेकडो अर्ज आले की शेजारचा अर्जदारच शत्रू वाटू लागतो, आरक्षणावरून गावागावांत पेटवलेल्या भांडणाचे मूळ याहून वेगळे आहे का? पुढे मंजुळे यांनी २०२३ मध्ये जाहीर केलेला 'खाशाबा' आहे. १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांवरचा. तोही वहीत आहे.

अडचण आहे ती पाहण्याची. तिसगावात थिएटर नाही. नवा सिनेमा म्हटले की करंजी घाट ओलांडून चाळीसेक किलोमीटर नगर, आणि आपला सिनेमा तिथे लागलाच तर एखादा खेळ, तोही दुपारी बाराचा. मजुरी बुडवून कोण जाणार? पहिल्या तीन दिवसांत खुर्च्या रिकाम्या दिसल्या की सोमवारी सिनेमा उतरतो आणि 'असले विषय चालत नाहीत' असे मुंबईत लिहून ठेवले जाते. जयंतीच्या डीजेला आपण जेवढी वर्गणी काढतो, तिच्या चौथ्या हिश्श्यात दोन जीपगाड्या आणि तिकिटे होतात. हा हिशेब मी विहारात मांडला तेव्हा तरुण मंडळ जरा नाराज झाले.

विहारात मोबाईलवरचे सिनेमे मोठ्या पडद्यावर लावायचे, अशीही सूचना आली. वकील म्हणून सांगावे लागले की घरगुती वर्गणीवर घेतलेला सिनेमा जाहीरपणे दाखवता येत नाही, कॉपीराइट कायदा आडवा येतो, निर्मात्याची परवानगी हवी. पत्र लिहायचे माझ्याकडे आले आहे. 'फँड्री'पासून सुरुवात करायची असे ठरले.

आमचे जुने कार्यकर्ते शेवटपर्यंत गप्प होते. उठताना म्हणाले, "तो खाटकाचा पिक्चर हिंदीत आहे का?" मुलगी म्हणाली, "बघते बाबा, नसेल तर खालची अक्षरं मी वाचून दाखवीन." पडदा मात्र या वेळी भिंतीला लावायचा, म्हणजे मागे कोणाला बसावे लागणार नाही, एवढे मी बजावून ठेवले आहे.