बांधावरचा चेन ट्रॅक्टर

आमच्या धर्मग्रामातील एका शेतकरी कुटुंबाच्या बांधावर, निंबाखाली, एक चेन ट्रॅक्टर कित्येक वर्षे उभा होता. रेडिएटरपुढे गांधीलमाश्यांनी घर केले होते, आसनाच्या जागी नुसत्या स्प्रिंगा उरल्या होत्या आणि चेनच्या पट्ट्यांमधून बाभळीचे रोप वर आले होते. भंगारवाला दर वर्षी येऊन वजनाचा अंदाज घेऊन जाई. गेल्या उन्हाळ्यात धाकट्या नातवाने हट्ट धरला की हा चालू करायचा आणि खालच्या शेतातील कांस मोडून काढायचा. घरात पैसा होता तो बहिणीच्या लग्नासाठी राखलेला. म्हणून आजोबांनी आम्हाला बोलावले. आमच्यापैकी दोघांचा जन्म वर्कशॉपमध्ये गेला आहे, बाकीचे हाताखाली काम करणारे.

असल्या मशीनचा आणि आपल्या माळव्याचा संबंध जुना आहे. इकडच्या काळ्या जमिनीत कांस शिरला की बैलांच्या नांगराला तो जुमानत नाही. मुळे खोल जातात आणि वरवर नांगरले तर प्रत्येक तुकड्याला नवा कोंब फुटतो. ज्यांचे नातेवाईक खानदेशात किंवा नगरकडे आहेत त्यांनी कुंदा पाहिला असेल, त्याचीच ही थोरली जात समजावी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने भारतात सोडलेले क्रॉलर ट्रॅक्टर दुरुस्त करून सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशनचे काम सुरू केले. पुढे सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेने शेतीच्या यंत्रांसाठी एक कोटी डॉलरचे कर्ज दिले, त्यातून नवे जड ट्रॅक्टर आले, आणि मध्य भारत, भोपाळ व आसपासच्या प्रदेशांतील लाखो एकर कांसाची जमीन नांगराखाली आली. चालक आणि मिस्त्री तयार करण्यासाठी १९५५ मध्ये नर्मदाकाठी बुधनी येथे ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र निघाले. ते आजही चालू आहे आणि १९५९ पासून तेथे ट्रॅक्टरांची परीक्षाही होते. म्हणजे पडीक चेन ट्रॅक्टर दुरुस्त करून शेतात घालणे हा काही वेडाचार नव्हे, सुरुवातच तशी झाली होती.

तरीही आजोबांना आम्ही पहिल्या दिवशी होकार दिला नाही. लोक आधी इंजिन पाहतात, आणि तेथेच फसतात. चेन ट्रॅक्टर घेणाऱ्याने आधी गुडघे टेकून खाली पाहावे. चेन, रोलर, आयडलर आणि मागचे दातेरी चाक, ज्याला मिस्त्री स्प्रॉकेट म्हणतात, यांवरच अशा मशीनच्या आयुष्यभराच्या दुरुस्तीचा निम्म्याच्या आसपास खर्च होतो. स्प्रॉकेटचे दाते झिजून अणकुचीदार झाले असतील, चेन ताणूनही सैल राहत असेल आणि रोलरमधून तेल गळत असेल, तर भंगारवाल्याला खुशाल बोलवावे. या मशीनचे दाते बोथट होते, म्हणजे चांगले. पिना आणि बुश एका बाजूने झिजले होते, पण असे बुश प्रेसवर काढून अर्धा वळसा फिरवून बसवले की न झिजलेली बाजू कामाला येते. ते काम इंदूरच्या एका कारखान्यात करून मिळाले. तेवढ्या खर्चाला आजोबा ‘हो’ म्हणाले. पुढचा खर्च टप्प्याटप्प्याने, आणि इंजिन फिरले नाही तर तेथेच थांबायचे, असे ठरले.

इंजिन जाम होते. धुराची उभी नळी उघडी राहिली की पावसाचे पाणी थेट आत उतरते आणि ज्या सिलिंडरची झडप उघडी असेल तेथे पिस्टनवर साठून गंजते. येथे नेमके तेच झाले होते. तेलाच्या टाकीचा बोल्ट सैल केला तर आधी तांबूस पाणी आले, तेल मागून. अशा वेळी बॅटरी लावून स्टार्टर मारू नये आणि दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढूनही पाहू नये, रॉड वाकतो किंवा पिस्टन फुटतो. आम्ही नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ तेल मिसळून ओतले आणि आठ दिवस मशीनला हात लावला नाही. मुलाला हे आठ दिवस फार जड गेले. मग फ्लायव्हीलला पहार लावून थोडे पुढे, थोडे मागे, असे हलवत गेलो. तिसऱ्या दिवशी दुपारी ते पुरते फिरले. एक लायनर आणि रिंगा बदलाव्या लागल्या. डिझेलच्या टाकीतून बादलीभर काळा गाळ निघाला.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख या पानावर घेतला ती सांगतो. नोझल फवारतो की नाही हे पाहण्यासाठी तो बाहेर काढून पंपाला जोडला होता. फवारा बारीक धुक्यासारखा आला. मुलाने सहज बोट पुढे केले. सुई टोचावी तेवढीच खूण, रक्ताचा थेंबही नीट नाही. ‘आजोबा, एवढंसं टोचलंय, हळद लावतो,’ असे म्हणून तो पुन्हा पाना उचलू लागला. आमच्यातील एकाने हा प्रकार पूर्वी एका कामगाराच्या हाताला झालेला पाहिला होता. त्याने पाना काढून घेतला आणि मुलाला तसाच मोटारसायकलवर बसवून इंदूरच्या इस्पितळात नेले. नोझलमधील डिझेल इतक्या दाबाने सुटते की ते कातडी भेदून बोटाच्या आत, शिरांच्या आवरणातून तळहातापर्यंत पसरते. सुरुवातीला दुखत नाही. काही तासांनी बोट सुजते, काळे पडू लागते आणि उशीर झाला तर कापावे लागते. दाराशी असलेला कर्मचारी मलम लावून परत पाठवायला निघाला होता. ‘डिझेल आत गेले आहे, दाबाने गेले आहे,’ असे आम्ही तीन वेळा सांगितले तेव्हा सर्जनला बोलावणे गेले. त्याच रात्री बोट चिरून धुतले. बोट वाचले, पूर्ण मिटत नाही एवढेच. प्रत्येक घरात हे माहीत असावे: डिझेल, ग्रीस किंवा हायड्रॉलिक तेल दाबाने टोचले तर जखम कितीही लहान दिसो, शेकू नये, चोळू नये, सकाळची वाट पाहू नये, आणि डॉक्टरांना काय टोचले ते स्पष्ट सांगावे.

बाकीचे धोके थोडक्यात सांगतो, कारण काम करताना ते सगळे आमच्यासमोर आले. जुन्या मशीनच्या पोटात साप असतो असे धरूनच आधी लांब काठी फिरवावी. जुन्या क्लच आणि ब्रेकच्या पट्ट्यांत अॅस्बेस्टॉस असते. तिची धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवू नये, पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पुरावे. ही धूळ फुप्फुसात राहते आणि तिचा आजार वीस-तीस वर्षांनीही उठतो. आयडलरच्या मागे चेनला धक्का सोसता यावा म्हणून जबरदस्त दाबून बसवलेली स्प्रिंग असते. ती योग्य साधनाशिवाय उघडणारे प्राणास मुकले आहेत. तिला आम्हीही हात लावला नाही. इंजिन बंद खोलीत चालवून पाहू नये. गंजाने कापले तर धनुर्वाताची सुई घ्यावी.

इंजिन सुरू करण्याच्या दिवशी एक माणूस जाड फळी घेऊन हवेच्या तोंडाशी उभा केला. लोकांना हसू आले. पण पंपाचा दांडा गंजून अडकलेला असेल तर डिझेल इंजिन सुरू होताच वेग धरते आणि चावी किंवा कांडी कशानेच थांबत नाही, तेव्हा हवा तोडणे हाच उपाय, आणि तो फळीने, हाताने कधीच नाही. फळी लागली नाही. तेलाचा दाब आला, दहा मिनिटे चालवून बंद केले, तेल बदलले. बाजूला वळवणारे क्लच मात्र गंजून एकमेकांना चिकटले होते, त्यामुळे पहिले दोन दिवस ट्रॅक्टर फक्त सरळ जाई आणि सरळच मागे येई. गावातील मुलांना यात मोठी मजा वाटली. इंजिन गरम करून, दांडे ओढून धरून, पुढे-मागे करत ते सुटले.

संत इसिदोर यांचा सण १५ मे रोजी झाला, त्या आठवड्यात खालच्या शेतात नांगर लागला. फूटभर खोल, उन्हात, कोरड्या जमिनीत, कारण ढेकळांसह वर आलेली मुळे सुकली तरच कांस मरतो, ओल्यात नांगरले तर तो लावणी केल्यासारखा वाढतो. चाल अगदी संथ आणि डिझेल खाणे भारी. रोजच्या मशागतीला हा ट्रॅक्टर परवडणार नाही हे आजोबांना पहिल्याच संध्याकाळी कळले. डांबरी रस्त्यावर तर तो नेताच येत नाही, ट्रॉल्यावर चढवावा लागतो. पण शेजारच्या दोघांनी आपल्या कांसाच्या तुकड्यांसाठी आणि शेततळ्याच्या बांधासाठी भाड्याने मागितला आहे. पुढील दोन वर्षे उरलेले कोंब कुळवाने काढत राहावे लागेल, हे आम्ही त्यांना सांगून ठेवले आहे. लग्नाच्या पैशातून घेतलेले अजून निम्मेही परत आलेले नाही. लग्न मार्गशीर्षाऐवजी वैशाखात करू, असे बहीणच म्हणाली.

पावसाला सुरुवात होण्यापूर्वी ट्रॅक्टर पुन्हा निंबाखाली उभा केला, या वेळी चेनखाली फळ्या घालून. धुराच्या नळीवर आजोबांनी स्वतः शिडी लावून रंगाचा रिकामा डबा उपडा घातला आहे.