दूरध्वनीला उत्तर देणारे यंत्र

अमेरिकेतील पुष्कळ घरांत ऊब आणि थंडावा पुरविण्याची व्यवस्था मध्यवर्ती स्वरूपाची असते. तळघरात किंवा माळ्यावर भट्टी, घराबाहेर कॉम्प्रेसर, आणि तापविलेली वा थंड केलेली हवा खोल्याखोल्यांत नेणारे पत्र्याचे मार्ग, अशी तिची रचना असते. यातील एखादा महत्त्वाचा भाग बिघडला की एकटी खोली नव्हे, सबंध घरच अडचणीत येते. मिनेसोटासारख्या राज्यात हिवाळ्यातील रात्री भट्टी बंद पडली, तर भिंतींतील पाण्याचे नळ गोठून फुटण्याचा धोका असतो.

ही यंत्रणा दुरुस्त करणारे व्यावसायिक बहुधा लहान असतात. मालक, चारपाच तंत्रज्ञ आणि कचेरीत दूरध्वनी घेणारी एखादी व्यक्ती, एवढाच त्यांचा पसारा. पुष्कळदा मालकच माळ्यावर वाकून काम करीत असतो आणि नेमकी त्याच वेळी घंटा वाजते. थंडीने कुडकुडणारा ग्राहक निरोप ठेवून वाट पाहत बसत नाही. तो यादीतील पुढचा क्रमांक फिरवितो. हातातून निसटलेला फोन म्हणजे निसटलेले काम, हा या धंद्याचा रोकडा हिशेब आहे.

ही चिंता नवी नाही. कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्रोजर नावाचा अंत्यविधीची व्यवस्था करणारा एक व्यावसायिक होता. केंद्रावरील चालिका आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याला संशय होता, असे सांगतात. त्यातूनच त्याने मानवी मध्यस्थाविना जोडणी करणारे यंत्र रचले. १८९१ साली त्याला त्याचे एकस्व मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट गावी त्या पद्धतीचे पहिले केंद्र सुरू झाले. संशय खरा होता की खोटा, हे बाजूला ठेवले तरी फोन कोण घेतो यावर धंद्याचे भवितव्य ठरते, हे त्याने अचूक ओळखले होते.

किती फोन येतील याचे गणित डेन्मार्कच्या ए. के. एर्लांग यांनी १९०९ पासून मांडले. प्रत्येक माणूस आपापल्या कारणाने, दुसऱ्याशी संबंध न ठेवता फोन करतो, हे त्या गणिताचे गृहीत आहे. वातानुकूलनाच्या धंद्यात नेमके हेच गृहीत कोसळते. २८ जून २०२१ रोजी ऑरेगनमधील पोर्टलंड शहरात पारा ४६.७ अंश सेल्सिअसवर गेला. अशा दिवशी सर्वांच्या फोनला एकच कारण असते आणि ते सर्वांना एकदमच भेडसावते. त्या एका आठवड्यासाठी वर्षभर दहा माणसे पोसणे लहान व्यावसायिकाला परवडत नाही.

यावर आरंभीचे उपाय ओबडधोबड होते. निरोप मुद्रित करणारे यंत्र आले. पुढे १९६३ पासून अमेरिकेत कळ दाबताच दोन स्वर उमटविणारे दूरध्वनी प्रचारात आले आणि त्यांच्या आधारे ‘अमुक कामासाठी एक दाबा’ ही पद्धत रूढ झाली. भारतात स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर अशा कळा दाबूनच नोंदविता येते. परंतु सिलिंडर हवे की नको, एवढाच तेथे प्रश्न असतो. ‘वरच्या मजल्यावर गार हवाच येत नाही आणि खाली पाणी ठिबकते आहे’ ही तक्रार कोणत्या कळीत बसवावी?

आजची यंत्रे बोलणे ऐकतात. आवाजाचे प्रथम अक्षरांत रूपांतर होते, विपुल लिखाणावर शिकविलेली संगणकप्रणाली त्याचा अर्थ लावून उत्तर जुळविते आणि ते उत्तर कृत्रिम आवाजात उच्चारले जाते. साध्या दूरध्वनीवरून सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढ्याच कंपनांचा आवाज वाहतो. म्हणून इंग्रजीतील ‘एस’ आणि ‘एफ’ यांत गफलत होते व पत्ता पुन्हा विचारावा लागतो. दुसरी अडचण शांततेची. संभाषणात दोन माणसांच्या बोलण्यांमधील अंतर सामान्यतः सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढे असते. यंत्र घाईने बोलले तर ते माणसाचे वाक्य तोडते, थांबले तर माणूस ‘हॅलो, हॅलो’ करू लागतो.

वेळ नोंदविणे त्याहून कठीण असते. एकाच क्षणी दोन ग्राहकांना एकच वेळ दिली जाऊ नये म्हणून, बोलणे चालू असतानाच ती जागा वहीत अडवून ठेवावी लागते. शिवाय कोणत्या तंत्रज्ञाला कोणते काम येते, तो गावाच्या कोणत्या टोकाला आहे, हेही पाहावे लागते. दुरुस्तीचा खर्च मात्र यंत्राने परस्पर सांगू नये. बिघाड पाहिल्यावाचून तो कोणालाच ठाऊक नसतो.

खरी कसोटी लागते ती नोंदणी करायचीच नसते तेव्हा. गॅसचा वास येतो असे कोणी म्हटले, तर उद्या सकाळची वेळ देणे घातक ठरेल. त्याला तत्काळ घराबाहेर पडून बाहेरून आपत्कालीन सेवेला कळविण्यास सांगितले पाहिजे. कार्बन मोनॉक्साइडला तर रंगही नसतो आणि वासही नसतो. ‘भट्टी लावली की सगळ्यांचे डोके दुखते’ या वाक्यात त्या वायूचे नावही नसते, पण अनुभवी कारकून ते ऐकताच सावध होतो. उकाड्याचेही तसेच आहे. १९९५ च्या जुलैत शिकागोतील उष्णतेच्या लाटेने सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत एकाकी वृद्ध पुष्कळ होते. फोनवरील वृद्ध बाई हळू आणि अडखळत बोलू लागली, तर तो केवळ उच्चारातील अस्पष्टपणा नसून उष्माघाताची खूण असू शकते. यंत्र शब्द टिपते. धाप टिपेलच, असे नाही.

यामुळे विचारी व्यावसायिक अशा ठरावीक प्रसंगी फोन जिवंत माणसाकडे वळविण्याची सोय ठेवतात, आणि मध्यरात्री जागे राहण्याची पाळी तंत्रज्ञांमध्ये वाटून घेतात. कचेरीतील व्यक्तीचे काम संपत नाही, बदलते. रात्री यंत्राने घेतलेल्या नोंदी सकाळी वाचून, कोणाला आधी गाठायचे, हे तिलाच ठरवावे लागते.